अनंताचा दोरा आणि शेवटची कुपी

जिवंत हृदय चालताना मी आयुष्यात प्रथम पाहिले, ते एका माशाचे. मासा म्हणायचे, पण तो तांदळाच्या कणीहून मोठा नव्हता. माझी नात ज्या संशोधनसंस्थेत पीएच.डी. करते ती फरीदाबादच्या बाजूला आहे, आणि वर्षातून एक दिवस तिथे घरच्या मंडळींना आत येऊन पाहण्याची मुभा असते. त्या दिवशी तिने मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले, चष्मा काढायला लावला आणि म्हणाली, "आजोबा, आता बघा. हलू नका. मतलब, श्वास घ्या, पण हलू नका."

मी पाहिले. त्या माशाचे अंग काचेसारखे आरपार होते. गळ्याच्या खाली एक इवलीशी पिशवी भरत होती, रिकामी होत होती, पुन्हा भरत होती; आणि जपमाळेचे मणी बोटांखालून सरकावेत तसे रक्ताचे कण तिच्यातून एकामागून एक पुढे जात होते. मुंज झाल्यापासून, म्हणजे पासष्ट वर्षे, रोज सकाळी न्यास करताना मी उजवा हात छातीला लावून हृदयाला वंदन करीत आलो आहे. ज्याला वंदन केले ते कधी डोळ्यांना दिसले नव्हते. ते त्या दिवशी दिसले, आणि मला इतका हर्ष झाला की मी खुर्ची सोडीना.

"आजोबा, यार, मागे लाइन लागली आहे," नात कानाशी येऊन कुजबुजली.

"लागू दे. मी पासष्ट वर्षे रांगेत होतो."

मी कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत शिकलो, आणि पुढे दिल्लीच्या शाळांतून संस्कृत शिकवून निवृत्त झालो. मुलाची बदली गुवाहाटीला झालेली आहे. सूनबाई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी आहेत. लक्ष्मीबाई नगरातले हे सरकारी घर त्यांच्याच नावावर मिळालेले. नात जन्मापासून दिल्लीची. देव्हाऱ्याला ती 'मंदिर' म्हणते आणि उंबऱ्याला काहीच म्हणत नाही, ओलांडून जाते. परंतु ती दहावीत असताना तिची आजी गेली. आजीच्या हृदयाचा स्नायू ढिला पडत गेला होता, तो का पडतो हे कोणत्याही डॉक्टरला नातीला समजेल असे सांगता आले नव्हते, आणि त्या न मिळालेल्या उत्तराच्या मागे ही मुलगी आज बारा वर्षे चालते आहे.

तिच्या कामाचा अर्धा भाग उंदरांवर चाले. ज्याच्या धन्याची मी रोज दूर्वांनी पूजा करतो त्याच्यावर प्रयोग होतात, हे मला प्रारंभी फार जड गेले. एका रविवारी न राहवून मी तिला विचारले, "उंदराच्या हृदयाला प्रश्न विचारून माणसाच्या हृदयाचे उत्तर कसे मिळेल ग?"

मला वाटले ती रागावेल. ती तर पोळीचा घास हातात धरून उभीच राहिली. "बिल्कुल, आजोबा! हाच तर सवाल आहे! उंदराचं हृदय आपल्यापेक्षा चारपाच पट फास्ट चालतं. त्याला जे औषध मानवतं ते आपल्याला मानवेलच असं नाही."

"मग त्याला छळता कशाला?"

"कारण त्याला पूर्ण शरीर आहे ना. किडनी आहे, रक्तदाब आहे, भीती आहे. डिशमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी माणसाच्या असतात, पण त्यांना शरीर नाही. म्हणून दोन्ही लागतात. आणि जेवढं काम पेशींवर होईल तेवढे उंदीर वाचतात."

ते ऐकून मला न्यायशास्त्राचे जुने वर्ग आठवले. ज्याने गवा कधी पाहिला नाही त्याला आपण सांगतो की तो गाईसारखा असतो. तो मनुष्य अरण्यात जातो, गाईसारखे जनावर पाहतो आणि म्हणतो, हाच तो. याला उपमान म्हणतात. ज्ञान होते ते सादृश्याने. पण गाय म्हणजे गवा नव्हे, हे ज्याच्या ध्यानात राहते त्याचेच ज्ञान खरे. मी हे तिला सांगितले, तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतले. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने इतक्या तत्परतेने माझे वाक्य उतरवून घेतल्याचे मला स्मरत नाही.

आणि त्या पेशींची कथा तर मला आठ दिवस झोपेत नि जागेपणी पुरली. रुग्णाचे थोडे रक्त घेतात. त्यातल्या पेशींना काही उपायांनी त्यांचे बालपण परत देतात, म्हणजे गर्भात असताना जसे 'आपण काय व्हायचे' हे ठरलेले नसते, त्या अवस्थेत त्या जातात. त्यांना मूळपेशी म्हणायचे. मग दिवसागणिक ठराविक द्रव्ये घालून त्यांना हृदयाच्या वाटेने नेतात, आणि सर्व यथासांग झाले तर काचेच्या तळाशी पसरलेला तो पातळ थर एके दिवशी आपोआप धडधडू लागतो.

नातीपाशी अशा मूळपेशी होत्या त्या एका तरुण स्त्रीच्या. तिचाही हृदयस्नायू ढिला पडत गेलेला होता. तिने संमतीच्या कागदावर सही करून रक्त दिले, आणि वर्षाच्या आत ती गेली. नाव कोणालाच सांगत नाहीत. कुपीवर केवळ एक क्रमांक. अतिशय थंड नळकांड्यात जपून ठेवलेल्या चार लहान कुप्या, एवढेच तिचे या जगात उरले होते. एका कुपीतल्या पेशी नीट वाढल्या की त्यांतून पुढच्या पुष्कळ कुप्या भरता येतात. पण आधी त्या वाढायला हव्यात.

भाद्रपदात अनंत चतुर्दशी आली. आमच्या घरी अनंताचे व्रत आहे. चौदा गाठींचा तांबडा दोरा पुजून हातात बांधायचा आणि पुढच्या चतुर्दशीपर्यंत उतरवायचा नाही. दर वर्षी रेशमाचे दोरे पुण्याहून टपालाने येतात. या वर्षी पाकीट आले नाही. मी जानव्याचे सूत घेतले, हळदीकुंकवाच्या पाण्यात बुडवून वाळवले, चौदा गाठी मारल्या, आणि नातीच्या डाव्या मनगटावर तो दोरा बांधताना मनोमन म्हणालो, हिच्या पेशी वाढू देत.

"आजोबा, लॅबमध्ये हातात काही घालत नाहीत," ती म्हणाली.

"ग्लोव्हच्या आत राहील. देवाचा दोरा कोणाचे काय करतो?"

हे वाक्य माझे आहे. ते मी विसरणार नाही.

दोनच दिवसांनी तिने पहिली कुपी उघडली. "पितृपंधरवड्यात नवं काम काढत नाहीत म्हणे," सूनबाई डबा भरता भरता म्हणाल्या. मी त्यांना समजावले की हा काळ अशुभ नव्हे, स्मरणाचा आहे, आणि गेलेल्या स्त्रीच्या पेशींना पुन्हा अन्न देण्याइतके उचित श्राद्ध दुसरे कोणते? सूनबाईंनी डब्याचे झाकण लावले. "बरोबर आहे, बाबा. पण तुमच्या श्राद्धाचा स्वयंपाक मला करावा लागतो, तिच्या पेशींचा तिलाच करू दे."

चौथ्या दिवशी पेशींच्या ताटलीत बुरशी आली. पेशी गेल्या. दुसरी कुपी उघडली; तिसऱ्या दिवशी बुरशी. तिसरी उघडली, तीही तशीच गेली. विलक्षण गोष्ट ही, की काचेच्या ज्या कपाटासमोर बसून, ज्या स्वच्छ हवेच्या झोतात ती काम करी, तिथेच इतरांचेही काम चाले आणि ते निर्वेध होते. तिने खाद्यद्रव बदलून पाहिला, उबदार पेटीतले पाणी बदलले, द्रव ओढायच्या पिचकाऱ्या बदलल्या. बुरशी फक्त तिच्याच ताटल्यांत.

तिच्या मार्गदर्शक मॅडम शिस्तीच्या. त्यांनी तिला समोर बसवून सांगितले की शेवटच्या कुपीला कारण सापडेपर्यंत हात लावायचा नाही. ती कुपीही गेली तर पेशींचा भाग प्रबंधातून काढायचा आणि तोच प्रश्न उंदरांना विचारायचा. त्यासाठी वाढीव उंदरांचा अर्ज त्यांनी तयार करून ठेवला होता, प्राण्यांच्या समितीकडे पाठवायचा तेवढा बाकी होता. आणि तोवर घरी बसून रिकाम्या ताटल्यांवर हाताची सवय करायची, अगदी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखी.

ती घरी आली. रात्री ताटावर बसली आणि भाताची ढेकळे करत राहिली.

"किती गेल्या?" मी विचारले.

"तीन. एक आहे." मग ढेकूळ फोडत, "आजोबा, त्या बाईंचं पुन्हा रक्त मिळणार नाही ना."

सर्वपित्री अमावास्या रविवारी होती. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सर्वांसाठी हा दिवस. तर्पणात आपण ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना पाणी देतो; त्यात माझी पत्नी आली, माझे गुरुजी आले, आणि त्या सकाळी मी एक ओंजळ त्या अनामिक स्त्रीसाठी दिली, एक त्या उंदरांसाठी. शास्त्रात उंदराचे नाव वेगळे नसले तरी गवताची काडी आली म्हणजे उंदीर आलाच.

दुपारी नातीने जेवणाच्या टेबलावर आपला सराव मांडला. आमच्या घरातल्या पांढऱ्या बश्या झाल्या ताटल्या, त्यांच्यावर दुसऱ्या बश्या पालथ्या घातल्या ती झाकणे, आणि औषधाचा ड्रॉपर झाला तिची पिचकारी. तिने लॅबमधला झगा चढवला, हातमोजे घातले. मी समोर बसलो. पासष्ट वर्षे मी पूजा केली आणि पूजा करणाऱ्यांचे हात पाहिले. तेवढेच पाहणे मला येते.

आणि मला हसू आले. तिने प्रथम टेबल पुसले. मग हातांवर स्पिरिट मारले. झाकण पूर्ण न उचलता तिरपे धरले, आपला हात उघड्या ताटलीवरून जाणार नाही असा वळसा घेतला, आणि ओठ मिटून घेतले.

"हे तुला कोणी शिकवले?"

"मॅडमनी. याला असेप्टिक टेक्निक म्हणतात."

"याला सोवळे म्हणतात. नैवेद्याच्या ताटावरून हात नेऊ नये, त्याच्यावर बोलू नये, ओल्या हाताने दुसऱ्याला शिवू नये. तुझी आजी स्वयंपाकघरात रोज हेच करायची."

ती थांबली. "मतलब, आजी जे 'शिवू नको, शिवू नको' म्हणायची, ते हे होतं? मला वाटायचं ती माझ्यावर चिडलीय."

"कधी कधी चिडायचीही," स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाल्या.

मी तिला पुन्हा पुन्हा करायला लावले. दहा वेळा. वीस वेळा. पाठशाळेत गुरुजी आम्हाला एकेक ऋचा अशीच म्हणायला लावीत. चूक पहिल्या पाठात दिसत नाही, विसाव्यात दिसते, कारण तोवर जीभ सावध राहून थकलेली असते. विसाव्या वेळी नातीचे मन थकले आणि हात आपल्या सवयीने चालू लागला. डावे मनगट वाकले. झग्याची बाही मागे सरली, हातमोज्याची कड पुढे सरली, आणि दोघांच्या मध्ये बोटभर उघड्या जागेतून अनंताचा दोरा बाहेर आला. तो झाकणाच्या कडेला घासला. तिला कळलेही नाही.

तिने झाकण पालथे ठेवले. पांढऱ्या बशीच्या आतल्या कडेला गुलाबी रेघ उमटली होती. केसाएवढी. माझ्या हळदीकुंकवाची.

मी उठून उभा राहिलो. "सापडले!" मी असा ओरडलो की सूनबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"काय सापडलं, बाबा? गॅस चालू आहे माझा!"

"दोरा! दोऱ्याने केले! मी केले!"

नात बशीकडे पाहत राहिली, मग मनगटाकडे. तो दोरा ओला होता. रोज आंघोळीला भिजे, दिवसभर रबरी मोज्याखाली घामात राही, आणि कधी वाळतच नसे. मी लहान असताना मला पहिल्याने जे शिकवले गेले त्यात हे होते, की रेशमाला विटाळ नाही, सुताला आहे. सूत सर्व काही धरून ठेवते. ज्याला हे सात वर्षांचा असताना ठाऊक होते त्याने सत्तरी उलटल्यावर नातीच्या हाताला सूत बांधले, आणि वर सांगितले की देवाचा दोरा कोणाचे काय करतो.

"मला माहीत होतं ना की काढायला पाहिजे," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्यांनी काढायचे असतात, कडं, घड्याळ, सगळं. पण तुम्ही म्हणालात वर्षभर नाही उतरवायचा. आणि ती स्टोरी... ज्याने दोरा तोडला त्याचं सगळं गेलं."

"कथा मला पाठ आहे. इकडे आण हात."

"कात्री आणू?" सूनबाईंनी विचारले.

"कात्री नको. त्याने दोरा क्रोधाने तोडला होता. आपण सोडवू."

ओली गाठ नखाने सुटेना. मी देव्हाऱ्यातली फुलांची सुई आणली, अक्षता वाहिल्या, अनंताची क्षमा मागितली आणि त्याला सांगितले की तुझा वास चौदा भुवनांत आहे, एका मनगटावाचून तुझे अडणार नाही. गाठ सुटली. मला अपराधाचे वाईट वाटायला हवे होते. वाटलेही. पण खरे सांगायचे तर त्याहून अधिक मला तसा आनंद झाला, जसा जुन्या पोथीत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेली लेखनिकाची चूक नेमकी कोणत्या पानावर शिरली ते सापडल्यावर व्हावा. चूक सापडली म्हणजे पाठ शुद्ध करता येतो!

नात मात्र माझ्यासारखी उतावीळ नव्हती. "आजोबा, पक्कं नाही अजून. गुलाबी रेघ दिसली म्हणजे बुरशी दिसली असं नाही." तिने तो दोरा चिमट्याने स्वच्छ पिशवीत घातला. मग विचारले, "याच सुताचा उरलेला तुकडा आहे?" देव्हाऱ्याच्या खणात कोरडा दोरा होता, त्याच दिवशी रंगवलेला, न बांधलेला. तोही तिने दुसऱ्या पिशवीत घेतला. "लॅबमध्ये बुरशी वाढवायची जेली असते, तिच्यावर दोन्ही टेकवून ठेवते. आणि उजव्या मनगटाचाही ठसा घेते, ज्यावर काहीच नव्हतं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जिथे कारण असते तिथे कार्य असते, जिथे कारण नसते तिथे कार्य नसते. अन्वय आणि व्यतिरेक. मी तीस वर्षे फळ्यावर धूर आणि अग्नी काढून हे शिकवले. माझ्या घरात, माझ्याच दोऱ्यावर, ते कोणी करून पाहील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

तीन दिवसांनी ती घरी आली ती चपला न काढता थेट देव्हाऱ्यापाशी. मी सरकून तिला जागा दिली. तिने फोनवरचे छायाचित्र दाखवले. मनगटावरून सोडवलेल्या दोऱ्याखाली हिरवट-करडी बुरशी माजली होती, तिन्ही कुप्यांचा घात करणारी तीच, तसाच रंग, तशीच कड. उजव्या मनगटाच्या ठशावर काही नाही. आणि न बांधलेल्या कोरड्या दोऱ्याखाली जेली अगदी स्वच्छ.

"बघा ना," ती म्हणाली, "दोरा दोषी नाही आजोबा. ओलावा दोषी."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"आधी दहा मिनिटं बोलल्या, ते नाही सांगत. मग विचारलं, कोणी पकडलं? मी म्हटलं आजोबांनी, बशीवर. मग हसल्या."

"आणि दोरा कुठे आहे? विसर्जन करायला हवे. यमुनेवर जाईन मी."

तिने मान खाली घातली. "त्याचं झालं. बुरशी लागलेली वस्तू बाहेर नेता येत नाही. मोठ्या प्रेशर कुकरसारखं मशीन असतं, वाफेचं, त्यात गेला तो."

मी क्षणभर विचार केला. अग्नी आणि जल दोन्ही एका पात्रात. याहून शुद्ध विसर्जन यमुनेने तरी कोठे केले असते? "उत्तम झाले," मी म्हणालो.

शेवटची कुपी तिने नवरात्राच्या चौथ्या सकाळी उघडली. घरात आम्ही घटस्थापनेला परडीत माती घालून धान्य पेरले होते. दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी दोन वार्ता असत. मी सांगे, गव्हाला मोड आले. ती सांगे, पेशी तळाला चिकटल्या. मी सांगे, बोटभर वाढले. ती सांगे, आज दुप्पट आहेत. कुपीचा चौथा दिवस उजाडला तेव्हा मी फोन हातात घेऊन गच्चीवर फिरत होतो. संदेश आला: 'क्लीन'. मला तो एकच इंग्रजी शब्द त्या दिवशी मंत्रासारखा वाटला.

परंतु जिवंत राहणे निराळे आणि हृदय होणे निराळे. दसऱ्याला काही पेशी नव्या कुप्यांत जपून ठेवल्या गेल्या, तरी मॅडमनी अर्ज फाडला नव्हता. या स्त्रीच्या पेशींपासून हृदय होते का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोजागिरीच्या सकाळी नातीने त्यांना हृदयाच्या वाटेने लावले आणि मोजणे सुरू झाले. आठवा दिवस, स्तब्ध. नववा, स्तब्ध. "दुसऱ्यांच्या पेशी आठव्या दिवशीच सुरू होतात," ती म्हणाली. दहावा दिवस गेला. अकराव्या दिवशी तिने सांगणे सोडून दिले आणि मी विचारणे.

बारावा दिवस वसुबारसेचा होता. दिल्लीत रस्त्यावर गाई पुष्कळ. पण वासरासह, आणि पूजा होईपर्यंत धीराने उभी राहणारी गाय मिळत नाही, म्हणून आम्ही मातीची गाय-वासरू पुजतो. मी पाटावर रांगोळी काढीत होतो. फोन वाजला.

"आजोबा, निघा."

"काय झाले?"

"बस, निघा ना! मेट्रोने या, ऑटोत अडकाल!"

मी गंधाक्षता तशाच टाकून निघालो. गाईने मला क्षमा केली असेल. मेट्रोत एका मुलाने मला जागा दिली आणि मी ती घेतली नाही, बसवेना मला. फाटकाशी नात उभी होती, केस विस्कटलेले, तिने माझा हात धरून मला जवळजवळ पळवत नेले. दाराशी टोपी, झगा, पायांत कापडी पिशव्या. मी आपणहून अंगठी काढून तिच्या हातात ठेवली. मॅडम आतच होत्या.

"आइए," त्या म्हणाल्या, "आप ही हैं वो धागेवाले दादाजी?"

"जी," मी हात जोडले. "अपराधी मैं ही हूँ।"

"पकड़नेवाले भी तो आप ही हैं।"

मोठ्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकाचे चित्र होते. करड्या रंगाचा विस्तीर्ण, निश्चल थर, सुकलेल्या तळ्याच्या तळासारखा. मला काही दिसले नाही. नातीने बोटाने खालचा उजवा कोपरा दाखवला.

तिथे तो थर एकदा आत ओढला गेला आणि सैल झाला.

मग काही नाही. मी म्हणणार होतो की भास झाला असेल, तोच पुन्हा ओढला गेला. पुन्हा. मग सलग तीन वेळा, आणि पुन्हा थांबला, जसा एखादा लहान मुलगा पाठ म्हणता म्हणता आठवण्यासाठी थांबतो. माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर चालू लागला, जप मोजताना चालतो तसा. ती स्त्री कोण होती, कोणाची लेक, कोणाची सून, मला कधी कळणार नाही. अमावास्येला मी तिला पाणी दिले होते. आणि ती गेल्यावर, फरीदाबादच्या या खोलीत, तिचे हृदय अडखळत, शिकत, चालायला लागले होते.

"अर्ज?" मी नातीला हळूच विचारले.

तिने मॅडमच्या टेबलाकडे पाहिले. मॅडमनी खणातून चार पाने काढली, दुमडली, आणि टोपलीत टाकली. "जो रखे हैं, उनसे काम हो जाएगा। और नहीं मँगाने।" म्हणजे पिंजऱ्यांत जितके उंदीर आहेत तितकेच.

मी पुन्हा पडद्याकडे वळलो. पाहता पाहता इतका पुढे वाकलो होतो की नातीने माझी बाही ओढली.

"आजोबा, मागे. तुमच्या श्वासाने स्क्रीनवर वाफ धरतेय."

मी एक पाऊल मागे सरलो. कोपऱ्यातला तो थर थांबला होता. मी अंगठा पेरावर तसाच धरून उभा राहिलो. आणि तो पुन्हा चालू लागला.